बेंट्स फोर्ट : अमेरिकेतली एक मातीची गढी आणि तिच्या वहीत न लिहिलेला खर्च



आजची पोस्ट फवारणीवर नाही, खतावर नाही. इतिहासावर आहे आणि जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. गोष्ट सातासमुद्रापलीकडची असली तरी शेवटी आपल्या बांधावरच येते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये लेकीकडं अमेरिकेत गेलो होतो. लेक-जावई कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला राहतात. जावईबापू म्हणाले, मामा, डोंगर सगळेच दाखवतात, तुम्हाला शेती बघायची असेल तर आपण दक्षिणेला आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात जाऊ, वाटेत एक जुना किल्लाही आहे. गाडी काढली. डेन्व्हरवरून खाली प्वेब्लो गाव, तिथून पूर्वेला वळायचं आणि नदीच्या कडेकडेनं रॉकी फोर्ड, मग ला हुंटा. साधारण तीनशे किलोमीटरचा रस्ता. नदीच्या दोन्ही बाजूला पाटाच्या पाण्यावर मका, लसूणघास, खरबूज. पाट संपला की लगेच पिवळं गवताळ माळरान, नजर जाईल तिथपर्यंत. पाऊस वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशापेक्षाही कोरडा मुलूख. ज्याच्याकडं पाटाचं पाणी त्याची शेती, बाकी सगळं कुरण. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ला हुंटाच्या पुढं दहा-बारा किलोमीटरवर तो किल्ला आहे. नाव बेंट्स ओल्ड फोर्ट, म्हणजे बेंटचा जुना किल्ला. गाडी लांब लावून थोडं चालत जावं लागतं. समोर दिसला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, ही तर गढी!"

खरंच गढी. दगड नाही, चुना नाही. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती, १४-१५ फूट उंच, अडीच फुटांच्या आसपास जाड, वरून मातीचा गिलावा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर गोल बुरूज. मध्ये चौक आणि चारी बाजूंनी खोल्या. खोल्यांचं छत म्हणजे आपलं माळवदच. लाकडाच्या तुळया, त्यावर काटक्या, त्यावर माती. मराठवाडा-सोलापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विटांच्या मातीत मेंढीची लोकर मिसळली होती असं सांगतात, जसं आपण चिखलात भुसा तुडवतो तसं. भिंतीवरून कुणी चढू नये म्हणून वर निवडुंग लावलेला. सगळा वाडा आपल्या हिशोबानं वीस-बावीस गुंठ्यांत बसतो.

आणि चौकात काय फिरत होतं सांगू? मोर! म्हणलं हा आपला गडी इथं कुठून आला. तर मूळच्या बेंटनीही मोर आणून पाळले होते. त्याचं ओरडणं ऐकून तिथले आदिवासी आधी दचकले आणि त्याला मेघगर्जनेचा पक्षी म्हणू लागले, अशी नोंद आहे. आपल्याकडं मोर ओरडला की पाऊस येतो म्हणतात. दोन टोकांच्या माणसांनी एकाच आवाजावरून आभाळच आठवावं, याची मला गंमत वाटली.

आता हा किल्ला कुणाचा, ते सांगतो.

आपण किल्ला म्हटला की राजा, फौज, तोफा. हा किल्ला राजाचा नव्हता, सरकारचाही नव्हता. हा व्यापाऱ्यांचा होता. चार्ल्स बेंट आणि विल्यम बेंट हे दोघे भाऊ आणि त्यांचा भागीदार सेरान सेंट व्रेन. कंपनीचं नाव बेंट, सेंट व्रेन अँड कंपनी. १८३३ च्या सुमारास किल्ला उभा राहिला. विटा पाडणारे आणि भिंती रचणारे मजूर मेक्सिकन होते, कारण हे काम पिढ्यानपिढ्या त्यांनाच येत होतं.

जागा बघा कशी निवडली. त्या काळी आर्कान्सा नदी ही दोन देशांची सरहद्द होती. उत्तरेला अमेरिका, नदी ओलांडली की मेक्सिको. किल्ला उत्तरेच्या काठावर. १८२१ ला मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि मिसुरीपासून सांता फे गावापर्यंत गाड्यांचा व्यापारी रस्ता सुरू झाला. त्या रस्त्याची एक वाट इथून जात होती. म्हणजे तीन गिऱ्हाइकं एका दारात : मेक्सिकोशी व्यापार करणारे गाडीवान, डोंगरात बीव्हर नावाचा प्राणी पकडणारे शिकारी, आणि आजूबाजूच्या माळरानावरचे आदिवासी. शायान, अरापाहो, आणि नदीच्या दक्षिणेला कायोवा आणि कोमांची.

इथं बैलांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्या रस्त्यावर सुरुवातीला खेचरं जुंपत. १८२९ साली मेजर रायली यांच्या लष्करी तुकडीनं पहिल्यांदा बैल जुंपून नेले. लोक म्हणत होते बैल टिकणार नाहीत. टिकले. खेचराला दाणा लागतो, बैल गवतावर भागवतो. खेचर महाग, बैल स्वस्त. आणि चोरट्यांना बैलात रस नाही, कारण बैल पळवून तरी किती पळवणार! पुढं त्या रस्त्यावर बैलगाड्याच जास्त झाल्या. एकेका गाडीत दोन-अडीच टन माल, आठ-दहा बैल जुंपलेले, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. आपल्या ऊसतोडीच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

आता धंदा काय होता. डोंगरात बीव्हरची कातडी मिळायची, ती युरोपात टोपीसाठी जायची. पण १८३० च्या दशकात बीव्हरही संपत आला आणि टोपीची फॅशनही रेशमाकडं वळली. बेंट हुशार. त्यांनी आधीच दुसऱ्या मालावर बोट ठेवलं होतं : बायसनचं केसाळ कातडं. बायसन म्हणजे तिकडचा रानगवा. आपल्या राधानगरीच्या गव्याचा लांबचा भाऊबंद, पण अंगावर दाट लोकर. थंडीत ती लोकर सगळ्यात दाट असते, म्हणून हिवाळ्यात मारलेल्या जनावराचंच कातडं चालायचं. ते केसांसकट कमावलं की गाडीत, घोडागाडीत, अंथरुणावर पांघरायला. पूर्वेकडच्या थंड शहरांत त्याला मोठी मागणी होती.

व्यापाराची खोली बघितली. लाकडी फळ्यांवर माल मांडलेला : घोंगड्या, तांब्या-पितळेच्या किटल्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, कापड, काचेचे मणी, साखर, कॉफी, तंबाखू, बंदुका आणि दारू. बंदुकीची दारू म्हणतोय मी. दुसरी दारूही त्या मुलखात चालायचीच. सरकारी कायद्यानं आदिवासींना ती विकायला बंदी होती, पण छोटे फिरते व्यापारी दारू पाजून कातडी उपटायचे. बेंट त्यांच्यापेक्षा बरे, असा त्यांचा लौकिक होता.

चौकात मधोमध एक भलामोठा लाकडी दाबयंत्राचा सांगाडा उभा आहे. कातडी थरावर थर ठेवायची, वरून दांडा ओढून दाबायची आणि गठ्ठा बांधायचा. आपल्या जिनिंगमधल्या गाठी बांधायच्या यंत्राचा आजोबा म्हणा. तिथं उभं राहिलं की हा किल्ला कशासाठी होता ते कळतं. बुरूज, निवडुंग, जाड भिंती, हे सगळं त्या गठ्ठ्यांसाठी.

आता मुद्द्याची गोष्ट. कातडं कमावायचं कोण? बायका. पुरुष शिकार करायचा, पण ओलं कातडं जमिनीवर ताणून खुंट्या मारायच्या, मांस-चरबी खरवडायची, जनावराचा मेंदू आणि चरबी चोळायची, परत ताणायचं, चोळायचं, मऊ होईपर्यंत. एकेका कातड्याला कित्येक दिवसांची मेहनत. एका बाईच्या हातून सगळ्या हिवाळ्यात मोजकीच कातडी तयार व्हायची. शिकार वाढवता येत होती, हात वाढवता येत नव्हते. म्हणून ज्या घरात बायका जास्त, ते घर श्रीमंत, असा हिशोब तिथं सुरू झाला. आपल्याकडं खुरपणी-वेचणीचं गणित कुणाच्या पाठीवर चालतं ते तुम्हाला माहीत आहे, जास्त बोलत नाही.

किल्ल्याच्या आतही तसंच. स्वयंपाकघर दाखवतात तिथं शार्लट नावाची बाई राबायची. तिच्या हाताची चव सांता फेच्या रस्त्यावर नावाजलेली. ती आणि तिचा नवरा डिक ग्रीन, दोघंही काळे गुलाम. किल्ल्यावर साठ ते शंभर माणसं कामाला असायची. लोहार, सुतार, गुराखी, शिकारी. वरच्या मजल्यावर मालकांसाठी बिलियर्डचं टेबलसुद्धा होतं. मिसुरीपासून ते बैलगाडीत आणलेलं!

मी हे सगळं ऐकत होतो आणि मनात एकच प्रश्न होता. आपल्या गावाकडं आडत्याबद्दल बोलणं निघालं की चर्चा एकाच ठिकाणी अडकते : तो चोर आहे की भला माणूस आहे? काटा बरोबर आहे का? पट्टीत हमाली-तोलाई किती लावली? म्हणून मी तिथल्या वाटाड्याला लेकीमार्फत विचारलं, हा बेंट माणूस कसा होता?

उत्तर ऐकून मी चकित झालो. माणूस चांगला होता.

विल्यम बेंटनं शायान लोकांच्या एका मोठ्या पुजाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं. तिचं नाव आऊल वुमन, घुबड-बाई म्हणा. तो त्यांची भाषा बोलायचा, त्यांच्यात राहायचा, त्याची मुलं अर्धी शायान. व्यापारासाठी सोयरीक होतीच, पण नुसती तेवढीच नव्हती. १८४० साली एकमेकांचे जुने वैरी असलेले शायान-अरापाहो एका बाजूला आणि कायोवा-कोमांची दुसऱ्या बाजूला, यांच्यात मोठा तह झाला. तो याच किल्ल्याजवळ, नदीच्या खालच्या अंगाला. एकमेकांना भेटी दिल्या. कायोवा-कोमांचींनी घोडे वाटले, शायान लोकांनी घोंगड्या, बंदुका, किटल्या. तो तह नंतर मोडला नाही. व्यापाऱ्यालाही शांतता हवी होती, हे खरंच. पण शांतता झाली, हेही तितकंच खरं.

आणि आदिवासी कुणी भोळेभाबडे नव्हते. कोणती घोंगडी घट्ट विणीची, कोणता मणी कोणत्या रंगाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. नको तो माल परत करायचे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडं जायचे. लोखंडी सुरी, किटली, बंदूक यांनी त्यांचं जगणं सोपं झालं होतं. म्हणजे बघा, व्यापारी त्यातल्या त्यात सरळ, गिऱ्हाईक जाणतं, मालाला मागणी, वाटेवर शांतता. आपण म्हणतो ना, एवढं असलं की शेतकऱ्याचं भलं होईल. तिथं हे सगळं होतं.

तरी सोळा वर्षांत हा किल्ला संपला. का?

कारण वहीत कातडी मोजली जात होती, बाकीचं मोजलं जात नव्हतं. डॅन फ्लोरेस आणि एलियट वेस्ट या अमेरिकन इतिहासकारांनी यावर लिहिलं आहे. लेकीनं मला वाचून दाखवलं आणि समजावलं. मी माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं, जनावर. कातड्यासाठी मादी मारायचे. नराचं कातडं जाड आणि बोजड, मादीचं मऊ, कमावायला सोपं. आता जो माणूस गाई-म्हशी पाळतो, त्याला वेगळं सांगायला नको. कळपातल्या जवान माद्या दरवर्षी काढत गेलात तर कळप पुढच्या वर्षी दिसेल, त्याच्या पुढच्या वर्षीही दिसेल, आणि मग अचानक दिसायचा बंद होईल. खायला मारत होते तोवर गरज पोटापुरती होती. विकायला मारू लागले तेव्हा गरजेला तळ राहिला नाही.

दुसरं, गवत आणि झाडं. त्या माळावर उन्हाळ्यात गवत सगळीकडं, पण हिवाळ्यात आसरा फक्त नदीकाठी. तिथं कॉटनवूड नावाची झाडी असते. उंच, रुंद पानाची, कापसासारखं बी उडवणारी. बायसनही हिवाळ्यात तिथंच यायचा. पण व्यापार आणि शिकारीसाठी आदिवासींकडं घोडे वाढले होते, त्यांनाही हिवाळा तिथंच काढायचा. गवत संपलं की झाडांची साल आणि फांद्या घोड्यांना घालायचे. त्यात गाड्यांचे हजारो बैल आणि खेचरं येता-जाता तेच काठ चरायची. किल्ल्याला सरपण लागायचं, लोहाराच्या भट्टीला कोळसा लागायचा. हळूहळू नदीकाठ उघडा पडला.

तिसरं, पाऊस. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिकडं दुष्काळाची वर्षं आली. दुष्काळ पूर्वीही यायचे, पण तेव्हा नदीकाठाला झाडी आणि गवताची शिल्लक असायची. आता शिल्लक नव्हती. हे वाक्य मी तिथं उभं राहून दोनदा मनात म्हटलं. दुष्काळ तोच असतो, शिल्लक असली तर निभतो.

त्यावर युद्ध आलं. १८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोची लढाई जुंपली आणि जनरल कर्नी दीड हजारांवर सैनिक घेऊन इथं उतरला. हजारो जनावरं. किल्ल्याच्या आसपासचं गवत साफ झालं. व्यापाऱ्याचं गोदाम फुकटात लष्कराचं गोदाम झालं. अमेरिकेनं न्यू मेक्सिको जिंकलं, चार्ल्स बेंटला तिथला गव्हर्नर नेमलं, आणि १८४७ च्या जानेवारीत ताओस गावात बंड झालं त्यात तो मारला गेला. त्याच वर्षी विल्यमची बायको आऊल वुमन वारली. १८४९ ला कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी निघालेल्या लोकांबरोबर पटकी आली. दक्षिणेकडचे शायान काही अंदाजांनी निम्मे मेले. त्याच वर्षी विल्यम बेंटनं माल हलवला आणि किल्ला आगीत गेला. त्यानंच पेटवला असं बहुतेक जण सांगतात.

चांगला माणूस पुढं काय करतो तेही बघा. तो पळून गेला नाही. १८५३ ला नदीच्या खाली साठेक किलोमीटरवर त्यानं दुसरा, दगडी किल्ला बांधला. १८५८-५९ ला डोंगरात सोनं सापडलं आणि गोऱ्यांचे लोंढे याच वाटेनं आले. उरलेलं गवतही गेलं, शिकार गेली. विल्यम तेव्हा सरकारनं नेमलेला आदिवासींचा अधिकारी होता. १८५९ साली त्यानं वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं की हे लोक चारी बाजूंनी कोंडले गेलेत, उपाशी आहेत, शेती करायला तयार आहेत, त्यांना जमीन आणि मदत द्या, नाहीतर भुकेपोटी लढाई होईल. झालं उलटंच. १८६१ च्या करारानं त्यांची आधीची जमीन कापून तेराव्या हिश्शावर आणली.

२९ नोव्हेंबर १८६४. सँड क्रीक. या किल्ल्यापासून ईशान्येला गाडीनं दीड-दोन तासांचं अंतर. कर्नल शिव्हिंग्टनच्या सैनिकांनी पहाटे शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला केला. तळावर अमेरिकेचा झेंडा फडकत होता. सुमारे २३० माणसं मारली, त्यात निम्म्याहून जास्त बायका, पोरं, म्हातारे. विल्यम बेंटची मुलं त्या तळात होती, आणि त्याच्या एका मुलाला सैनिकांनी बळजबरीनं वाट दाखवायला नेलं होतं. यावर मी काही लिहू शकत नाही. विल्यम १८६९ ला वारला. त्यानंतर १८७१ पासून बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांचे पट्टे बनवायची रीत निघाली, तेव्हा गोऱ्या शिकाऱ्यांनी उरलेसुरले कळप दहा-बारा वर्षांत संपवले.

जळालेल्या किल्ल्याचं काय झालं? काही दिवस घोडागाड्यांचा थांबा, मग गुरांचा गोठा, आणि मग आसपासच्या लोकांनी विटा आणि माती घरासाठी नेली. आपल्याकडं गढीची पांढरी माती लोक गाड्या भरभरून नेतात ना, अगदी तसंच. जमिनीवर नुसत्या रेषा उरल्या.

आज दिसतो तो किल्ला १९७५-७६ मध्ये परत बांधलेला आहे. अमेरिकेला २०० वर्षं आणि कोलोरॅडो राज्याला १०० वर्षं झाली त्या निमित्तानं. आधी पुरातत्त्ववाल्यांनी जमीन उकरून पाया शोधला. आणि नशीब बघा, १८४६ ला जेम्स एबर्ट नावाचा एक लष्करी लेफ्टनंट आजारी पडून या किल्ल्यात अडकला होता. पडल्यापडल्या बरं वाटू लागल्यावर त्यानं खोल्या मोजल्या, नकाशा काढला, चित्रं काढली. त्याच कागदांवरून १३० वर्षांनी किल्ला उभा राहिला. मोजून लिहून ठेवलेलं कधी कामाला येईल सांगता येत नाही. मातीच्या भिंतींना गिलावा मात्र आजही सारखा करावा लागतो.

आता त्याच खोऱ्यातली आजची गोष्ट, आणि मग मी थांबतो.

परत येताना रॉकी फोर्डला रस्त्याकडेला खरबुजाच्या टपरीवर थांबलो. तिथलं खरबूज सगळ्या अमेरिकेत नावाजलेलं. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा, त्यानं गोडी भरते. कापून दिलं, खरंच साखर. टपरीवाला शेतकरीच होता. आमच्या जावईबापूंनी सांगितलं की हेही शेतकरी आहेत, तर गडी मोकळा झाला.

त्यानं सांगितलं आणि नंतर आम्हीही वाचलं ते असं. कोलोरॅडोत पाण्याचा कायदा वेगळा आहे. ज्यानं आधी पाणी वापरायला घेतलं, त्याचा हक्क आधी. आणि हा हक्क जमिनीपासून तोडून विकता येतो. पाट ही शेतकऱ्यांची कंपनी असते, ज्याचे जेवढे शेअर तेवढं पाणी. या खोऱ्यात साखर कारखाने होते, बीटपासून साखर करायचे. १९७० च्या दशकाच्या शेवटाला रॉकी फोर्डचा कारखाना बंद पडला. पिकाला भाव नाही, डोक्यावर कर्ज. त्याच वेळी दीडशे-अडीचशे किलोमीटरवरची वाढती शहरं पाणी विकत घ्यायला आली. ऑरोरा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज. भाव चांगला दिला. कुणी फसवलं नाही. शेतकऱ्यांनी शेअर विकले.

शेजारी क्राउली नावाचा जिल्हा आहे. एकेकाळी तिथं पन्नास हजार एकरांच्या आसपास पाण्याखाली होतं, आज पाच हजारांच्या आतबाहेर. बाकीच्या जमिनीवर तण आणि धूळ. एकदा नांगरलेल्या जमिनीवर मूळचं गवत सहजासहजी परत येत नाही, तेही पाण्याशिवाय. शेतकरी गेले तसे अवजारांचे दुकानदार गेले, शाळेतली पोरं कमी झाली. आज तिथलं नोकरीचं मोठं ठिकाण म्हणजे दोन तुरुंग. ज्यांनी पाणी विकलं नाही त्यांचंही अवघड झालं, कारण पाटाची दुरुस्ती आधी शंभर जणांत वाटली जायची ती आता दहा जणांवर आली.

मला त्या टपरीवर उभं असताना तो कातड्याचा गठ्ठा आठवला. दोन्ही ठिकाणी विकणारा मूर्ख नव्हता. ज्या शायान बापानं मादी मारली, त्याला हिवाळ्यात घोंगडी हवी होती. ज्या शेतकऱ्यानं पाटाचा शेअर विकला, त्याला कर्ज फेडायचं होतं. एकेकट्याचा निर्णय त्याच्या घरापुरता बरोबरच होता. पण कातडं विकलं की पुढच्या वर्षी दुसरं कातडं येतं, मादी विकली की येत नाही. खरबूज विकलं की पुढच्या ऑगस्टमध्ये दुसरं येतं, पाणी विकलं की येत नाही. माल विकणं वेगळं आणि मालाची आई विकणं वेगळं. काटा अगदी बरोबर असला, आडत्या देवमाणूस असला, तरी त्याच्या पट्टीवर हा फरक छापून येत नाही. तो बघणं त्याचं काम नाही, आपलं आहे.

आपल्याकडं बघा. आमच्या शिवारात वीटभट्टीला वरची फूटभर माती ट्रॉलीवर दिली जाते. पैसे रोख मिळतात. माझ्या लहानपणी विहिरीत दोर टाकून पाणी काढत होतो, आता सहाशे फूट बोअर घेऊन वर देवाला हात जोडतो. बांधावरची लिंब-बाभळ कधी गेली ते सालही कुणाला सांगता येत नाही. यातलं काही बाजार समितीच्या पावतीवर आहे का?

म्हणून मी एक केलंय. जमाखर्चाच्या वहीत शेवटचं एक पान वेगळं ठेवलंय. त्यावर भाव नाही, उत्पन्न नाही. दरवर्षी मे महिन्यात फक्त पाच आकडे लिहितो : विहिरीतल्या पाण्याची पातळी, बोअर किती तास चालतो, माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब, बांधावरची झाडं किती, आणि गोठ्यातल्या गाभण गाई-म्हशी किती. हे आकडे खाली जात असतील आणि बँकेतला आकडा वर जात असेल, तर त्या वर्षी मी फायद्यात नाही असं धरतो. एबर्टसाहेबासारखं, मोजून लिहून ठेवायचं.

कृषी विद्यापीठातले आणि कृषी विभागातले बरेच जाणकार हे पान वाचतात. त्यांना विनंती आहे, या पाच आकड्यांत अजून कोणता आकडा पाहिजे आणि कोणता घरच्या घरी नीट मोजता येईल, ते सांगा. आणि ज्या शेतकरी भावांकडं एकाच रानाचे आठ-दहा वर्षांचे माती तपासणीचे कागद जपलेले असतील, त्यांनी सेंद्रिय कर्बाचे आकडे साल घालून खाली टाका. एकत्र मांडून बघू.

राम राम.